धूप लावायचा, घालायचा की जाळायचा?

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी बाजारातून ऊद आणला, खडा काडीने पेटवला, तर काळा धूर आणि करपट वास. पुडीवर ‘जाळा’ असं छापलंय, आई मात्र कायम ‘धूप घाल’ म्हणायची. बरोबर कोणतं?

आईचंच. त्या क्रियापदातच कृती आहे. उदबत्ती ‘लावतात’, कारण टोक पेटवून ज्योत विझवली की ती आपली आपण धुमसत राहते. ऊद, गुग्गुळ, राळ, सालईचा डिंक हे झाडांचे वाळलेले चीक. त्यांना खालून निखाऱ्याची धग लागते, म्हणून ते ‘घालायचे’. चिकानेच पेट घेतला तर सुवास जळून जातो आणि उरते काजळी. राळेची पूड तर भपकन पेटते. मशालीवर ती उधळून ज्वाळा उठवत, त्यावरूनच ‘आरोपांची राळ उडवणे’ आलं.

आपल्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी गवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास ‘टाकतात’, ती आगारी. तिथे तूप पडलं की ज्वाळा उठते. धूप घालताना नेमकी तीच टाळायची.

त्यासाठी गवरी लाल होऊन तिचा स्वतःचा धूर ओसरू द्यावा. धुपाटण्यात राख पसरून त्यावर निखारा ठेवावा, निखाऱ्यावरही चिमूटभर राख भुरभुरावी आणि मग ज्वारीच्या दाण्याएवढा खडा घालावा. तो आधी पाघळतो, बुडबुडे येतात, मग पांढरा धूर निघतो. करपट वास आला तर राख वाढवावी. दुकानातली कोळशाची वडी असेल तर ती झटकन पेटावी म्हणून तिच्यात बहुधा सोरा असतो. तिची चुरचुर थांबून वर राखाडी थर धरेपर्यंत काही घालू नये. खिडकी उघडी ठेवावी, आणि घरात कुणाला दमा असेल तर धूप नकोच.

आता ‘ऊद’. अरबीत या शब्दाचा अर्थ लाकूड, त्यातही अगरूचं सुगंधी लाकूड. मराठीत तो लोबानाचं नाव होऊन बसला. गंमत म्हणजे अरब ज्याला लोबान म्हणतात तो सालईच्या कुळातल्या झाडांचा चीक, आणि आपल्या बाजारात त्या नावाने येतो तो सुमात्राकडच्या निराळ्याच झाडाचा. सालई मात्र आपल्या सातपुड्यात, यावल-धडगावकडच्या रानात उभी आहे. तिच्या चिकाला संस्कृतात कुंदुरू म्हणतात. माझं मत विचाराल तर घरात घालायला तोच घ्यावा, वास हलका आणि किंचित लिंबासारखा असतो.

लिहिताना ‘ऊद’ दीर्घ, पण ‘उदाचा’, ‘उदबत्ती’ ऱ्हस्व. ‘धूप’ तत्सम आहे, त्यामुळे ‘धूपाचा’ दीर्घच राहतो. ‘धुपाटणे’ हा मराठीत घडलेला शब्द, तो ऱ्हस्व.