किल्ली मिळण्याआधीच घरमालकाने भाडं वाढवलं तर?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. मुलीच्या कॉलेजसाठी बेळगावात टिळकवाडीला घर ठरवलं. भाडं 9,000, डिपॉझिट 50,000, अकरा महिन्यांचा करार, असं बोलणं झालं. 10,000 रुपये फोन पेवरून दिले. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मिळाले, भाडं 9,000 ठरलं, एक तारखेला या’ असं लिहिलं. आता चार दिवस राहिले असताना फोन करून म्हणतात, 11,500 द्या, नाहीतर दुसरे लोक तयार आहेत. इथलं घर सोडतो म्हणून सांगून झालंय, टेम्पो ठरलाय. मिस्टर म्हणतात, आता देऊन टाकू, नंतर बघू. काय करावं?

उत्तर : ताई, मिस्टरांना एवढंच थांबवा. आता देऊन टाकलं की नंतर बघायला फारसं काही उरत नाही. 11,500 कबूल करून तुम्ही राहायला गेलात, की जुना ठराव दोघांच्या संमतीने बदलला असं मालक म्हणू शकतात. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 62 तशा बदलाला मान्यता देतं. महिन्याला 2,500 म्हणजे अकरा महिन्यांत 27,500 रुपये जास्त जातील, आणि ते परत मागताना तुमची बाजू फार कमजोर असेल.

कागद झालेला नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात, असं पत्रावरून वाटतं. पण करार तोंडीही होतो. घर कोणतं, भाडं किती, कधीपासून हे ठरलं, त्यापोटी पैसे दिले-घेतले, आणि तुमच्याकडे तर मालकांच्या हातचा मेसेजही आहे. ठरलेलं भाडं एकट्याच्या मर्जीने वाढवायचा अधिकार त्यांना नाही. जास्त देणारं कोणी भेटलं, हे कारण कायद्यात बसत नाही.

तुमची कच्ची बाजूही सांगायला हवी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 107 प्रमाणे एक वर्षापर्यंतचं भाडेपट्ट्याचं नातं तोंडी ठरावानेही तयार होतं, पण त्यासोबत ताबा मिळालेला असावा लागतो. तुम्हाला किल्ली मिळालेली नाही. त्यामुळे आज तुम्ही भाडेकरू नाही. भाड्याने देण्याचं वचन ज्यांना दिलं गेलं, असे पक्षकार आहात. सामान घेऊन दारात जाऊन बसू नका, कुलूप तोडायचा विचारही नको. ठरल्याप्रमाणे घर द्या असा दावा लावता येतो, पण त्याच्या निकालाआधी अकरा महिने सरतील. मुलीचं कॉलेज तोवर थांबणार नाही. तुमच्या जागी मी असा दावा लावणार नाही.

आपल्याकडे नातेवाईक कोल्हापूर-पुण्याचे, त्यामुळे तिकडचा सल्ला सहज मिळतो. ‘नोंदणी नसेल तर भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात’, ‘वर्षाला चार टक्केच वाढवता येतं’ असं कोणी सांगेल. ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं आहे, बेळगावात लागू नाही. इथे कर्नाटक भाडे कायदा, 1999 आहे, पण तो मोठ्या शहरांतही महिना 3,500 रुपयांपर्यंतच्या भाड्यालाच लागू होतो. 9,000 चं घर त्याच्या बाहेर. म्हणून तुमचा आधार करार कायदाच.

आजच मालकांना मेसेज करा. भाषा नम्र, पण आकडे स्पष्ट : ‘आपलं भाडं 9,000 आणि डिपॉझिट 50,000 ठरलं. त्यापोटी 10,000 तुम्हाला मिळाले. आज फोनवर तुम्ही 11,500 मागितले, ते आम्हाला मान्य नाही. एक तारखेला ठरल्याप्रमाणे किल्ली द्यावी. द्यायची नसल्यास उद्यापर्यंत कळवावं आणि 10,000 व आमचा झालेला खर्च परत करावा.’ फोनवरचं बोलणं असं लेखी येणं फार गरजेचं आहे. तो चॅट पुसू नका, फोनही इतक्यात बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असे मेसेज कोर्टात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

मालक हटले नाहीत, तर 10,000 पूर्ण परत मिळायला हवेत. करार त्यांनी मोडला, ते पैसे त्यांना ठेवून घेता येणार नाहीत. शिवाय करार कायद्याच्या कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता येते : टेम्पोचा बुडालेला अ‍ॅडव्हान्स, आणि त्याच तोडीचं दुसरं घर घाईत घेताना द्यावं लागलेलं जास्तीचं भाडं. पावत्या जपा. पण नुकसान कमी ठेवण्याची खटपट तुम्हीही केली पाहिजे, कोर्ट ते बघतं. म्हणून आजच खानापूरच्या मालकांकडे पंधरा दिवस मागून घ्या आणि टेम्पोवाल्याला तारीख पुढे ढकलता येते का विचारा.

पोलिसांत गेलात तर बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण’ म्हणतील. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसावा लागतो. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा खानापूरच्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. एवढ्या रकमेसाठी मला तोच रस्ता योग्य वाटतो. हेल्पलाइन 15100.

मालक नरमले आणि 9,000 वर आले, तर डिपॉझिटचे उरलेले 40,000 करारावर सह्या होताना, किल्ली हातात घेऊनच द्या, आणि बँकेतून. करारात ‘अकरा महिने भाडं वाढणार नाही’ हे वाक्य हवंच. बेळगावात हे कागद बऱ्याचदा कन्नडमध्ये टाइप होतात. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल, तर भरवशाच्या माणसाकडून ओळन् ओळ समजून घ्या, आणि ‘मजकूर मराठीत वाचून समजावला’ अशी नोंद शेवटी घालायला लावूनच सही करा. सही केलेली एक प्रत त्याच दिवशी घरी न्या.