झाडाखालच्या वाफ्यात फुलं का येत नाहीत

तुम्ही विचारलंय की मोठ्या झाडाखालच्या वाफ्यात झेंडू, झिनिया आणि पेटुनिया लावले, रोपं काटकुळी वाढून आडवी झाली, फुलं मोजून चार आली. तर आता खत वाढवू का? मुळीच नको. ही तिन्ही उन्हाची झाडं. पाच-सहा तास ऊन मिळालं नाही की उजेडाच्या ओढीने नुसती उंच होतात. त्यात नत्राचं खत पडलं तर पानं माजतील, कळ्या रुसतील.

आधी सावली मोजा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला वाफ्याकडे बघून कागदावर लिहायचं: ऊन, कवडसे की सावली. कंटाळवाणं काम आहे, पण ज्या कोपऱ्याला मी कित्येक वर्षं ‘अंधारी’ म्हणत होतो तिथे सकाळचं अडीच तास ऊन येतं, हे मला असंच कळलं. सकाळचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर सावली, यापेक्षा चांगली जागा सावलीत फुलणाऱ्या झाडांना नाही. पानांतून गळणारे कवडसेही चालतात. ऊन नाही, कवडसेही नाहीत, अशा जागी फुलांचा हट्ट धरू नका.

फुलांसाठी माझी पहिली पसंती इम्पेशन्सला, म्हणजे आपल्या तेरड्याच्याच भाऊबंदाला. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की तसंच फट्‌कन फुटून बी उडतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण हा गडी महिनोन्‌महिने फुलतो. एक इशारा मात्र देतो. एका हंगामात माझी रोपं आठवडाभरात नुसत्या दांड्या होऊन उभी राहिली. सुरुवातीला पानं फिकट पिवळी पडून खाली वळली होती, उलटून पाहिली तर मागे पांढरी बुरशी. तो केवडा रोग होता. झाडं मुळासकट उपटून पिशवीत बंद करून टाकून दिली, कंपोस्टमध्ये नाही. रोग मातीत राहू शकतो, म्हणून त्या वाफ्यात मी आता न्यू गिनी जातीचे इम्पेशन्स लावतो. ते या रोगाला दाद देत नाहीत, फक्त त्यांना उजेड थोडा जास्त लागतो.

दुसरा टोरेनिया. याच्या फुलात जरा वाकून बघा: पुंकेसर टोकाशी जुळून छोटीशी कमान करतात. निळा-जांभळा रंग जवळून सुंदर, पण दहा पावलांवरून सावलीत विरघळून जातो. म्हणून टोरेनिया पायवाटेच्या कडेला, आणि मागच्या रांगेत पांढरा, फिका गुलाबी. सावलीत गडद रंग बुडतात आणि फिके उजळतात, हे मी बऱ्याच उशिरा शिकलो.

मेणासारख्या चकचकीत पानांचा बिगोनिया सगळ्यात कमी कटकटीचा. त्याचं बी मात्र धुळीइतकं बारीक असतं, मातीने झाकलं तर उगवतच नाही. सरळ रोपंच आणा. आणि कोलियस विसरू नका. फूल त्याचं नगण्य, तुरा दिसला की खुडून टाकायचा, पण पानांतच लिंबी, किरमिजी, तांबूस असे रंग की फुलांची उणीव जाणवत नाही. लहानपणीच दोनदा शेंडा खुडला की झुडूप भरतं.

आता खरं दुखणं. झाडाखाली उन्हापेक्षा पाण्याची चणचण मोठी असते. दाट पानोळा पाऊस अडवतो, जे खाली पडतं ते झाडाची मुळं पिऊन टाकतात. खुरपं घालून बघा. जिथे तिथे मुळ्यांचं जाळं लागत असेल तर तुमची रोपं उपाशीच राहणार. जाड मुळं तोडू नका आणि त्यांवर फूटभर मातीचा ढीगही घालू नका, मोठं झाडच गुदमरतं. मी वाफ्यात रिकाम्या कुंड्या काठापर्यंत पुरून ठेवतो आणि रोपाची कुंडी त्यात बसवतो. भोवती पालापाचोळा पसरला की कुंडी दिसतही नाही.

भिंतीच्या सावलीत उलटं होतं. तिथे ओल दिवसेंदिवस हटत नाही, मुळं कुजतात, गोगलगायी येतात. म्हणून ‘रोज पाणी’ हा नियम नकोच; बोट पेरभर खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, तेही सकाळी आणि बुंध्याशी. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीला आमंत्रण. रोपांमध्ये वीतभर तरी अंतर ठेवा. खत म्हणाल तर लावताना कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, पुढे महिन्याकाठी पातळ द्रवखत, बास.

तुमची आत्ताची झेंडूची रोपं जगली असतील तर उन्हात हलवा. अर्ध्यावरून छाटलीत तर नव्या फांद्यांवर अजून फुलं येतील. झिनियाला मात्र हलवाहलव सोसत नाही, तो नव्याने पेरा.