वाचकांचे प्रश्न: दुखण्याच्या औषधावरचा पेपर वाचायचा कसा?

प्रश्न: सर, मी सोलापुरात विडी घरकुलजवळ जनरल प्रॅक्टिस करतो. निम्मे पेशंट दुखण्याचेच, कंबर, मान, गुडघे. औषध कंपन्यांचे एमआर येतात, चकचकीत कागदावर छापलेला संशोधनाचा पेपर ठेवून जातात, त्यात ‘लक्षणीय आराम’ असं ठळक लिहिलेलं असतं. माझं स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे आणि बाहेर रांग असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. तेवढ्यात काय बघू?

उत्तर: डॉक्टर, दहा मिनिटं पुरतात, आणि स्टॅटिस्टिक्सवाचून फारसं अडतही नाही. आधी फक्त एवढं शोधा की औषध घेणाऱ्यांची तुलना कुणाशी केलीय. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तोच मुळी दुखणं अगदी सहन होईना झाल्यावर, आणि टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा आपलं आपणच उतरतं, नेमकी तेव्हाच आपली गोळी चालू असते आणि सगळं श्रेय गोळीला जातं. 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली एक ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, आली होती, अचानक कंबर धरलेल्या साधारण 1,650 पेशंटवर. एका गटाला पॅरासिटामॉल रोज नेमाने, दुसऱ्याला लागेल तशी, तिसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निम्मे पेशंट बरे व्हायला किती दिवस लागले? 17, 17 आणि 16. तिसरा गट ठेवलाच नसता तर आपण सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा पॅरासिटामॉलने अडीच आठवड्यांत कंबर मोकळी केली!

म्हणून ‘आमच्या इतक्या पेशंटना आराम पडला’ एवढंच छापलं असेल आणि समोर दुसरा गटच नसेल, तर तो पेपर तिथेच बाजूला ठेवा, पुढे वाचूच नका.

आता तो ‘लक्षणीय’ शब्द. आपल्या बोलण्यात लक्षणीय म्हणजे डोळ्यात भरेल असं. पेपरातल्या ‘सिग्निफिकंट’चा अर्थ एवढाच की औषधात काही दम नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक क्वचितच दिसला असता. फरक मोठा आहे असं तो शब्द सांगतच नाही. हजारो माणसं घेतली की दुखणं मोजायच्या 0 ते 100 च्या पट्टीवर तीन-चार अंकांचा फरकही सिग्निफिकंट ठरतो, पेशंटला तो जाणवतसुद्धा नाही. शिवाय सरासरीत बरंच काही दडून जातं, दुखण्याच्या औषधांचं असं असतं की थोड्या जणांना खूप आराम आणि बाकीच्यांना जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे दुखणं निदान निम्म्याने कमी झालं असे किती जण, आणि औषध नसलेल्या गोळीवर तेवढेच बरे झालेले किती, हे दोन आकडे शोधा. ते मिळाले की बाकीचे तक्ते सोडून दिले तरी चालतील.

आणि कुणाला सांगत नसाल तरी मनात विचारा, मोजलंय ते माझ्या पेशंटच्या कामाचं आहे का. तुमच्याकडे येणारी विडीवाली बाई मांडी घालून बसते, मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, मान खाली ती खालीच. तिला विचारा, मावशी दहापैकी किती दुखतंय? ती सांगणार, “काल सातशेच झाल्या, हजार पुऱ्या झाल्या नाहीत.” तिची पट्टी ही. ट्रायलमध्ये हिंडणंफिरणं, काम, झोप यातलं काही मोजलंच नसेल तर तिच्यासाठी तो पेपर अर्धाच आहे.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, ट्रायलमधली माणसं कोण होती. ही चूक मी स्वतः केलीय. चादरीच्या मागावर काम करणारा पन्नाशीचा एक कामगार, पायात कळ जायची, सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेचं दुखणं. मी प्रीगाबालिन लिहून दिलं, कारण डायबेटिसमुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर आणि नागिणीनंतरच्या दुखण्यावर त्याचा उपयोग ट्रायल्समध्ये दिसला होता आणि मी धरून चाललो की नस ती नस. चार दिवसांनी त्याची बायको आली, “डॉक्टर, मालक मागापाशी झोकांड्या खातायत.” चालू मागापाशी चक्कर म्हणजे हात जायचा. गोळी बंद केली. पुढे 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये खास सायटिकावरच ट्रायल आली, 209 पेशंट, आठ आठवडे, पायाचं दुखणं औषध नसलेल्या गोळीपेक्षा कमी झालंच नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. ती बाई दारात उभी राहिलेली मला अजून दिसते.

तसंच आयबुप्रोफेनचे जे भारी आकडे दाखवतात, 400 मिलिग्रॅम दिलेल्या दर अडीच माणसांमागे एकाला औषधामुळे निम्मा आराम, त्यातल्या बऱ्याच ट्रायल्स अक्कलदाढ काढलेल्यांवर, एकाच डोसच्या आणि काही तासांच्या आहेत. आकडा खरा आहे, पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेबद्दल तो काही सांगत नाही. ट्रायलला पैसे कुणी दिले तेही शेवटच्या पानावर बघून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. शेजारच्या काकूंना ग्लुकोसामाइनने फरक पडला म्हणे. आईला सुरू करू का?

उत्तर: ताई, काकू खोटं बोलत नाहीत, त्यांना बरं वाटलंच असेल. पण 2006 साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या 1,583 लोकांवर याची ट्रायल झाली, 24 आठवड्यांची. ग्लुकोसामाइनवाल्यांपैकी 64 टक्क्यांचं दुखणं निदान वीस टक्क्यांनी उतरलं, आणि औषध नसलेल्या गोळीवर? 60 टक्क्यांचं. काकू त्या साठातल्या असतील की वरच्या चारातल्या हे त्यांनाही कळणार नाही आणि मलाही. जास्त दुखणाऱ्यांच्या एका गटात कॉन्ड्रॉइटिन नावाच्या दुसऱ्या पूरक गोळीबरोबर घेतल्यावर फरक दिसला होता, पण गट लहान होता, त्यावर भिस्त ठेवू नका. गोळ्यांचे पैसे फिजिओथेरपिस्टकडे घाला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आईला नीट शिकवून घ्या, आणि भाकरी थापायला ओटा करून द्या, उकिडवं बसणं आजपासून बंद.