फायरप्लेसला वाड्याची चौकट

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घरात लाकडं जाळायची फायरप्लेस आहे. तिच्याभोवती सासरच्या वाड्यातली सागवानी चौकट बसवावी म्हणते. चालेल का?

उत्तर : ताई, बसवा की! पण तोंडाला अगदी लागून नको. तिकडच्या नियमांप्रमाणे फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही. पुढे १२ इंचांपर्यंतही अंतराच्या एक अष्टमांशच बाहेर आलेलं चालतं. म्हणजे ८ इंचांवर जेमतेम १ इंच. वाड्याची जाडजूड गणेशपट्टी त्यामुळे बरीच वर न्यावी लागेल. मधल्या पट्ट्यात काळा ग्रॅनाइट लावा. पांढरा संगमरवर मी तरी सुचवणार नाही, काजळी त्यात मुरते आणि मग घासत बसा. माप घेऊन आधी स्थानिक बांधकाम निरीक्षकाला दाखवा, सुतार नंतर.