छंदाची पेटी : आबांचं हंटर

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव बेळगावजवळचं मुतगे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हवाई दलात आर्मरर, म्हणजे विमानाच्या तोफा-दारूगोळा सांभाळणारे, होते. यंदा वारले. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. विमानाच्या नाकाखाली आबा उकिडवे बसलेत, हातात स्क्रूड्रायव्हर. फोटोमागं शाईनं ‘हंटर, सांबरा’ एवढंच लिहिलंय, तारीख नाही. आत्या म्हणते, गोव्यावर बॉम्ब टाकलं ते हेच विमान. बाबा म्हणतात, आबांची बदली इकडं नंतर झाली. वर्षश्राद्धापर्यंत त्या विमानाचं मॉडेल करून फोटोशेजारी ठेवायचं मनात आहे. १:४८ चं किट मागवलं, पण त्यातली सगळी चिन्हं इंग्रजांच्या विमानाची निघाली. मी आजवर एकही मॉडेल केलेलं नाही. रंग कुठला देऊ आणि नंबर कुठला घालू?
— एक नात, मुतगे

उत्तर : ताई, पत्रासोबत फोटोची प्रत धाडलीत ते फार बरं केलंत. भिंग घेऊन बसलो आणि समोरचा चहा गार झाला. मीही हवाई दलातलाच, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा. माझी पहिली काही वर्षं हंटर या लढाऊ जेट विमानाच्या अंगाखांद्यावरच गेली. आर्मरर मंडळींशी आमचं भांडण रोजचं, कारण विमानाखालची जागा एक आणि तिथं शिरणारे दहा. त्यामुळं तुमच्या आबांची ती बसण्याची तऱ्हा मला अगदी ओळखीची वाटली. एक गुडघा वर, मान वाकडी, तोंड किंचित उघडं. वरून तेलाचा थेंब पडणार हे ठाऊक असलेला माणूस असाच बसतो.

आधी आत्याबाई आणि तुमचे बाबा यांचं मिटवू. गोवा मुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ ला, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून १७ नंबर स्क्वाड्रनची हंटर उडाली, हे खरं. पण दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनी. हंटरच्या वाट्याला आलं होतं बांबोळीचं वायरलेस स्टेशन, आणि तिथं त्यांनी रॉकेट आणि तोफा चालवल्या. म्हणजे आत्याबाईंच्या गोष्टीतला बॉम्ब काढून तिथं तोफ घालायची. तोफ आली की आर्मरर आलाच, तेव्हा त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मात्र यावरून आबा त्या दिवशी तिथं होते असं ठरत नाही. सांबऱ्याचं नाव निघालं की आपल्याकडं जो तो आपलं ऐकवतो. ती धावपट्टी १९४२ ची, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी माणसं तयार करायला इंग्रजांच्या हवाई दलानं बांधलेली. पण कुणालाही विचारा, त्याच्या आज्यानं तिथं खडीची पाटी उचललेली असतेच!

आबांचं डिस्चार्ज बुक शोधा. पेन्शनच्या कागदांत, नाहीतर देवघराच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल. आमच्या पिढीची कागद ठेवायची जागा तीच. कुठल्या तारखेपासून कुठल्या युनिटला, हे त्यावरून कळेल. नाहीच मिळालं तर आबांचा सर्व्हिस नंबर घेऊन आजींच्या नावानं अर्ज करा. हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रोतो पार्कला आहे. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. वेळ लागेल, तोवर मॉडेलला हात घालू.

आता नंबर. भारतानं १९५७ मध्ये मागवलेली हंटर मार्क ५६ जातीची, एकूण १६०, आणि त्यांचे नंबर बीए २०१ ते बीए ३६०. तो नंबर असायचा मागं, शेपटीच्या अलीकडं. तुमच्या फोटोत आहे नाक. म्हणजे फोटो कितीही मोठा करून घेतलात तरी नंबर त्यात येणारच नाही, तो चौकटीबाहेर राहिला. एकशेसाठातला एक चांगलासा नंबर निवडून चिकटवून टाका, असं सांगणारे भेटतील. माझ्या ओळखीच्या एकानं तर नंबर माहीत नाही म्हणून शेपटीवर टिश्यू पेपरची ताडपत्री पांघरली. युक्ती म्हणून झकास, पण मला ती पटली नाही. मी म्हणेन, जागा कोरी ठेवा. पाहुणे विचारतील, ‘नंबर कुठं?’ सांगायचं, शोधतोय. उद्या कागद आला, एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी दुसरा फोटो निघाला, तर तेव्हा पाच मिनिटांत चिकटेल. खोटा नंबर एकदा घातलात की दहा वर्षांनी तुमच्याच घरात तो खरा होऊन बसेल, आणि मग आत्याबाईंना कोण आवरणार?

नंबरापेक्षा पोटाकडं बघा. मॉडेल करणारा सगळा जीव वरच्या रंगात ओततो, कारण शोकेसमध्ये वरचंच दिसतं. आर्मररला विमान दिसतं ते खालून. हंटरच्या चार तोफा, प्रत्येकी ३० मिलिमीटरच्या, कॉकपिटच्या खाली एकाच खोक्यात बसवलेल्या. विमान उतरलं की रिकामं खोकं खाली सोडायचं आणि भरलेलं वर चढवायचं. नळ्या मात्र विमानातच राहायच्या. गोळ्या सुटल्या की रिकामी काडतुसं बाहेर पडत. पण काडतुसांच्या पट्ट्याच्या कड्या बाहेर सोडल्या तर त्या विमानालाच आपटत, म्हणून त्या धरून ठेवायला नाकाखाली दोन फुगवटे केलेले. इंग्रज फिटरांनी त्या फुगवट्यांना एका नटीचं नाव दिलं होतं. का ते सांगत नाही, हे मासिक घरात वाचलं जातं. पण तोफा चालवून आलेल्या विमानाचे ते फुगवटे रिकामे करणं हे आर्मररचंच काम. फोटोत आबांच्या डाव्या खांद्यावर जी गोल सावली दिसते ना, ती त्यातल्याच एकाची. किटमध्ये हे दोन वेगळे तुकडे असतील. ते घाईनं चिकटवू नका. सांधा भरून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासा, बोटाला खाच लागेनाशी होईपर्यंत. १:४८ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर चोवीस मिलिमीटर, अंगठा जाईल एवढी. तसलं विमान आबांनी उडू दिलं असतं का?

तोफांचं खोकं खाली उतरवलेलं दाखवायचा मोह होईल. पहिल्याच मॉडेलला ते झेपणार नाही, राहू दे. त्यापेक्षा खडे बाजारातल्या एखाद्या फ्रेमवाल्याकडून आरसा कापून घ्या आणि विमान त्यावर ठेवा. विमान एकोणतीस सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ साडेएकवीस रुंद होईल, त्या हिशेबानं आरसा चारी बाजूंनी दोन बोटं जास्त घ्या. खाली वाकून बघितलं की पोट दिसेल, आणि घरातला प्रत्येक जण आबांसारखी मान वाकडी करेल.

तुमचं किट इंग्रजांच्या मार्क ६ चं आहे. आपलं मार्क ५६ त्याचंच भावंड, फरक बारीक. आपल्या विमानांना उतरताना वेग मारायला शेपटीत पॅराशूट होतं. त्यासाठी जेटच्या भोकाच्या वर एक फुगीर डबी असते. काही किटांत दोन शेपट्या देतात. मार्क ९ साठी जी दिली असेल ती वापरा. नसेल तर एम-सीलची बारीक गोळी लांबट करून बसवा, वाळली की कानसा. कानस शहापूरच्या सराफी गल्लीतून आणा. सोनाराच्या कानशीइतकी चांगली कानस छंदाच्या दुकानात दुप्पट पैशाला मिळत नाही. मार्क ६ ला तोफांच्या नळ्यांच्या तोंडाशी छोट्या पट्ट्या दिसतात, आपल्या विमानांना त्या नव्हत्या. छाटून टाका.

आणि नाकात वजन. हे विसरलात तर बाकी सगळं फुकट. हंटर तीन चाकांवर उभं राहतं आणि मॉडेलचा भार मागं पडतो. मी माझं पहिलं हंटर गल्लीच्या गणपतीत आरासीला ठेवलं होतं. पडदा सरकला, आणि विमान शेपटीवर बसून गणपतीकडं तोंड करून आभाळ बघतंय! पोरं म्हणाली, काका, नमस्कार करतंय की ते. तेव्हा धडाची दोन्ही अर्धुकं चिकटवायच्या आधी सगळे तुकडे टेपनं जोडा, मोठ्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला, आणि नाकावर गळाची शिशं एकेक ठेवत जा. नाक खाली गेलं की आणखी दोन टाका आणि आत एम-सीलमध्ये पक्की करा. हलती राहिली तर आयुष्यभर खुळखुळा वाजेल.

रंग : वरून गडद हिरवा आणि गडद करडा असे पट्टे, खालून ॲल्युमिनियमसारखा चंदेरी. कॉकपिट काळं. आधी चंदेरी मारा, मग तो झाकून करडा, शेवटी हिरवा. तुमचा फोटो काळा-पांढरा, त्यामुळं पट्टे कुठं वळतात ते नाकापुरतंच कळेल. बाकी किटच्या नकाशावरून घ्या. गोलात बाहेरून केशरी, मग पांढरा, आत हिरवा. भारतीय चिन्हांची डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, वेगळी मिळतात. ती नाही मिळाली तर एखाद्या डिजिटल प्रिंटवाल्याकडं डेकल पेपर घेऊन जा, पण पांढरा रंग तिथं छापला जात नाही. आधी पांढरी चकती रंगवून घ्या, वर केशरी कडं चिकटवा. डेकलखाली चकचकीत क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी वॉर्निशचा, हात हवाच, नाहीतर कडेला चांदी उतरल्यासारखी झाक येते. काच बसवायला फेव्हिकॉल वापरा. फेव्हिक्विकच्या वाफेनं काच धुरकट होते आणि ती सहसा पुन्हा निवळत नाही.

आबांची मूर्ती करणार असाल, आणि तुम्ही करणारच हे पत्रावरून दिसतंय, तर साडेपाच फुटांचा माणूस या मापात साडेतीन सेंटिमीटर. उकिडवा बसला की त्याच्या निम्मा. तांब्याची तार वाकवून आधी बसण्याची तऱ्हा पकडा, मग वर एम-सील चढवा. चेहरा करायच्या फंदात पडू नका. मान वाकडी जमली की आजी ओळखतील.

प्रश्न : पावसात विमानाला स्प्रेनं रंग मारला. वाळल्यावर दूध सांडल्यासारखा पांढरट झाला. किटचा दोष की रंगाचा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोघांचाही नाही, खानापूरच्या जुलैचा. रंगातलं थिनर भरकन उडतं, तेवढ्यात पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या सुताराला विचारा, त्याला हा रोग पाठ आहे. घासून काढू नका. कोरड्या दिवशी, दुपारी, थिनरमध्ये ते सावकाश उडावं म्हणून थोडं रिटार्डर घालून अगदी हलका फवारा मारा. बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. पुढचं रंगकाम दसऱ्यानंतर. तोवर चिकटवायचं, घासायचं काम भरपूर असतं. मुतग्याच्या ताईंनाही हेच लागू.

प्रश्न : आमच्या ह्यांच्याकडं तेवीस किटं न उघडता पडून आहेत आणि चोविसावं आलंय. काय करावं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वहिनी, माझ्याकडं एकेचाळीस आहेत. घरात सांगू नका.