निकॉनची जुनी निकॉर १०५ एमएम एफ/२.५ मॅन्युअल लेन्स घ्यायचीय, कुठलं व्हर्जन घेऊ?

मी तर एआय-एसच सांगेन, म्हणजे ह्या लेन्सचं शेवटचं व्हर्जन. १९५९ पासूनच्या जुन्या लेन्सेस सोनार टाइपच्या (सोनार आणि गाऊस म्हणजे आतल्या काचांच्या रचनेचे दोन प्रकार), १९७१ मध्ये डिझाइन बदलून गाऊस टाइप झालं आणि जवळून काढलेले पोर्ट्रेट जास्त चांगले यायला लागले, लेन्स उलटी करून बघा, मागची काच छोटी असेल तर जुनी सोनार, मोठी असेल तर नवीन. एआय (लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणारी पद्धत) १९७७ ला आली आणि एआय-एस १९८१ ला, हिचं हूड (नको असलेला उजेड अडवणारी समोरची कडी) आतूनच बाहेर सरकतं, लय सोयीचं. नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावरचा 'अफगाण गर्ल'चा तो फोटो ह्याच फोकल लेन्थचा बरं का! आणि हो, एआयच्या आधीची, नंतर बदलून एआय न केलेली जुनी लेन्स निकॉन डीएसएलआरवर जबरदस्तीने लावू नका, बऱ्याच बॉड्यांवरची लेन्स बसते तिथली ती छोटी खिट्टी मोडते, मिररलेसला अडॅप्टर लावून कुठलीही चालेल.