पानिपत वाचताना मजा आली तर?

प्रिय चिऊ,

"पानिपतात इतकी माणसं मेली, तरी मला ते वाचायला मजा येतेय. मी वाईट आहे का?" असं विचारलंस. वाईट नाहीस. फक्त मजा कशाची येतेय, ते बघ. त्यासाठी एक कागद घे.

यमुना उभी काढ, वरून खाली. तिच्या पश्चिमेला वर कुंजपुरा, मध्ये पानिपत, त्याखाली साधारण ९० किलोमीटरवर दिल्ली. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांनी कुंजपुरा जिंकला, धान्यही मिळालं. ते तिकडे गुंतलेले असताना अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि थेट मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. आता बाण काढ. मराठ्यांची तोंडं दक्षिणेला, आपल्या घराकडे. अब्दालीचं तोंड उत्तरेला, त्याच्या घराकडे. दोघांनीही एकमेकांची घरची वाट अडवलेली! पण अब्दालीच्या पाठीशी त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान याचा दुआबातला, म्हणजे गंगा-यमुनेमधला, मुलूख होता, रसद येत होती. मराठ्यांसाठी दुआबातून दाणागोटा जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले.

बाण काढताना "अरेच्चा!" होतं, ती मजा खरी. आणि तोच बाण दाखवतो की बायका, यात्रेकरू, बुणगे (लष्करामागचे न लढणारे लोक) अशा सगळ्यांसकट ती छावणी अडीच महिने कशी उपाशी पडत गेली. हे दोन्ही एकाच कागदावर दिसतं, वेगळं करता येत नाही.

मजा बिघडते ती सामना बघितल्यासारखं वाचलं की. "लढाईतून निघून गेलेले मल्हारराव होळकर थांबले असते तर" यावर मोठी माणसंही तासन्‌तास भांडतात, हाती काही लागत नाही. शिवाय 'आपले' आणि 'त्यांचे' अशा दोन रांगाही नीट लागत नाहीत. भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. लढाईची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत फारसीत लिहिणारा काशीराज दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी अवधचा नवाब शुजाउद्दौला याची, म्हणजे अब्दालीच्या गोटातली. म्हणून मेलेल्यांचा आकडा दिसला की शेजारी लिही: कोणी सांगितला, कोणाच्या बाजूने, किती वर्षांनी. निम्म्या ठिकाणी रकाना रिकामाच राहील, राहू दे.

एक कोडंही सोडव. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार तिथून आला असं ऐकशील. पण संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. आणखी शंभर वर्षं मागे गेलीस तर? संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली निघते. ही कथा मला आवडायची, पण गणितापुढे टिकत नाही.

'तोतया' शब्द मात्र थांबून वाच. भाऊसाहेबांच्या नावाने एकजण उभा राहिला, पुष्कळांनी त्याला खरा मानला, १७७६ मध्ये त्याला मारलं. गोष्ट रहस्यकथेसारखी रंगते. पण भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पती गेले हे मानायलाच तयार नव्हत्या. लोकांना तोतया का पटला, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

पुढे इतिहासकार राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आपण मिळून वाचू. १८९८ चा आहे, त्यात पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. भाषा जड आहे. रोज एकच पत्र, मोठ्याने. आधी तारीख, मग कोण कोणाला लिहितोय, मग मजकूर.

नाना फडणिसांचं आत्मवृत्त त्यानंतर. पानिपतावर ते अठरा वर्षांचे होते, पेशव्यांचे पुत्र विश्वासरावही जवळपास त्याच वयाचे. पळापळीत नानांची आई त्यांना दुरावली ती कायमची. ते पान वाचशील त्या दिवशी पुढचं वाचू नकोस.

तुझा,
बाबा